गवताच्या धुऱ्यावरची तार

आम्ही बरडातलं वावर पेरायचं बंद केलं, तेव्हा गावानं आधी आमच्या तब्येतींची चौकशी केली. घरात कोणाला मोठा आजार निघाला का, बाबांची कंबर बसली का. पेरतं वावर माणूस उगाच सोडत नाही. नळावर एका बाईनं आईला गाठलं.

"खरं सांग वं, पोरीच्या लग्नासाठी विकून राह्यले ना?"

"विकून नाही राह्यलो. गवत होऊ देऊन राह्यलो," आई म्हणाली.

त्या बाईला ते विकण्यापेक्षा वाईट वाटलं. ती हंडा न भरताच थोडा वेळ आईकडे बघत उभी राहिली म्हणे.

कल्पना माझी होती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी केलं, मग वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं, आता कारंज्याला ज्युनियर कॉलेजात शिकवते आणि गावातूनच येणंजाणं करते. हे मी सांगते तेव्हा लोकांना मिरवल्यासारखं वाटतं. वाटू दे. जिथं बाबांच्या बापाला अंगठा लावावा लागायचा, तिथं मी सही करते, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आमची जमीन दोन ठिकाणी. नाल्याकाठची काळी, तिच्यावर घर चालतं. दुसरं हे चढावरचं बरड. वखर फिरवला की दगड वर येतात, असं मुरमाचं. बाबा तिथं दरवर्षी सोयाबीन पेरायचे, ते दरवर्षी घोट्याएवढं होऊन पिवळं पडायचं, आणि दरवर्षी बाबा म्हणायचे, यंदा पाऊस चुकला. पाऊस चुकत नव्हता. त्या मातीखाली मातीच नव्हती. आजोबांच्या आधी तिथं माळ होता, गवताचा. आजोबांनी तो मोडला. कारंज्याच्या बाजूच्या अभयारण्यातून काळविटं उतरतात ती जुन्या सवयीनं याच बाजूनं नाल्यावर येतात, आणि वाटेत त्यांना उभं राहायला जागा नाही, सगळीकडे तूर नाहीतर सोयाबीन. मी बाबांना म्हटलं, हा तुकडा परत माळ होऊ द्या. तसंही तिथून घरात काही येत नाही.

 दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "बियाणं कुठी भेटते?"

"कशाचं?"

"गवताचं."

गवताचं बियाणं दुकानात मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघं रस्त्याच्या कडेनं, स्मशानाच्या मागं, जिथं म्हणून कधी नांगर लागला नव्हता तिथं फिरून पवन्याचे आणि मारवेलाचे तुरे कापून आणायचो आणि खताच्या रिकाम्या चुंगड्यात भरायचो. पेरणीच्या दिवसांत लोक तिफण घेऊन निघाले की आम्ही ते तुरे हातानं फेकायचो. पहिल्या वर्षी गाजरगवत आलं, दुसरं काही नाही. कमरेएवढं, पांढऱ्या फुलांचं. ते मात्र उपटावंच लागतं, नाहीतर बाकीचं काही उठत नाही. आई, बाबा आणि मी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून ते उपटत राहिलो. बाबांचा उभा जन्म तण काढण्यात गेलेला. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे त्यांना पटायचं, पण हाताला पटायचं नाही. मी कॉलेजात गेले की ते हळूच जाऊन ठेवायचा तरोटाही उपटायचे, धुऱ्याच्या, बांधाच्या बाजूचा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायला नको.

पुढच्या वर्षी पवन्या आला. त्याच्या पुढच्या वर्षी वाऱ्यावर लाटा उठतील एवढा आला. तितर आले, लाव्हे आले. बाबांनी एक दिवस भर पावसाळ्यात मला फोन केला, मी वर्गात होते. बाहेर येऊन उचलला.

"काळं पाखरू हाये, गवतातून सरकं वर उडते अन् तठीच पडते. दुखत असंन का त्याले?"

तो तणमोर होता. मादीला दाखवायला उड्या मारत होता. मी एमएस्सीपर्यंत ज्याचा फक्त फोटो पाहिला, तो माझ्या बापाच्या वावरात नाचत होता. मी परत वर्गात गेले आणि त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

मग काळविटं थांबायला लागली. आणि त्यांच्या मागून रोही आले.

रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं आहे, पण अंगानं घोड्याएवढी आणि भूक तिच्या अंगाएवढी. दिवसभर आमच्या उंच गवतात बसून राहायचे, बाहेरून एक शिंग दिसायचं नाही. दिवस मावळला की उठायचे आणि शेजारच्या तुरीत उतरायचे. आमच्या गवताला तोंडही लावायचे नाहीत.

शेजारचं वावर बाबांच्या शाळेपासूनच्या सोबत्याचं. मी त्यांना काका म्हणते. दोघं एका पाटीवर लिहायला शिकले आणि एकाच वर्षी शाळा सोडून ढोरांमागं गेले. काका तोंडाचे तिखट. पहिल्या वर्षी त्यांनी गंमत केली.

"काय मास्तरीणबाई, तुमचं लॉज जोरात चालून राह्यलं. पाव्हणे राहाले तुमच्या इथी, जेवाले माह्या इथी."

"तुमचा हॉटेलचा धंदा वाढला ना काका."

"वाढला. पण गिऱ्हाईक पैसे न देता जाऊन राह्यलं."

दुसऱ्या वर्षी त्यांनी गंमत केली नाही. सकाळी तुरीत बसलेल्या रोह्यांच्या जागा मला दाखवल्या, बैलबंडीच्या चाकाएवढ्या गोल, झाडं मोडून सपाट झालेली.  मी जे म्हणणार होते ते सगळं, नुकसानभरपाई, वनखातं, पंचनामा, मी म्हटलं. ते मान हलवत ऐकत होते, पाहुण्याचं ऐकतात तसं.

त्या हिवाळ्यात त्यांनी धुऱ्यावर तार ओढली. आधी झटका मशीन लावली, बॅटरीची, जिला परवानगी आहे आणि जिच्यानं जनावर मरत नाही. ती बिघडली. मग काकांनी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधून सरळ एक वायर काढून तारेला जोडली.

मी त्यांच्या घरी गेले. काकू चहा ठेवायला उठल्या, मी नको म्हटलं.

"काका, हा गुन्हा आहे. माणूस मेला तर जन्मठेप होते."

"कर मंग तक्रार. जेलात डबा घेऊन येशील ना? तुही काकू तं येणार नाही, तिले बसमंदी उलटी होते."

"मी खरं सांगून राह्यले."

"मी बी खरंच सांगून राह्यलो. तू गवत मोड, मी आजच तार काढतो. आज म्हणजे आज. तुह्यासमोर काढतो."

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं बाबा म्हणतील मोडून टाकू. त्यांनी फक्त विचारलं, "तू काय म्हणाली?"

"काहीच नाही."

"मोडाचं नाही," बाबा म्हणाले. "अन् तक्रारबी कराची नाही. तो मले लहानपणापासून माहीत हाये, तो पाहून करते."

पाहून करते. हे शब्द मी त्या हिवाळ्यात फार वेळा मनात म्हटले.

कारण बाबा रोज सकाळी त्या तारेवरून जायचे. नाल्याकाठच्या वावरातून बरडात जायला पांदनीचा रस्ता आहे, पण तो वळसा घालून, बाभळीच्या काट्यांतून. बाबा काकांच्या तुरीतून सरळ चढायचे, धुऱ्यावर तारेला एका हातानं खाली दाबायचे आणि पाय टाकून आमच्या गवतात उतरायचे. काका तसेच जायचे, सोंगणीला येणाऱ्या बायाही तशाच, लुगडं आवरून. यात कोणाला काही वाटत नव्हतं, कारण आमच्याकडे शेतीची लाइन, म्हणजे वीज, पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळी असली की काका वायर काढून ठेवायचे. रात्रपाळीत जोडायचे, आणि सकाळी लाइन जायची वेळ झाली की ती आपोआप जायची. मग वायर काढायला विहिरीवर कशाला जायचं? लाइन गेली की ती तार म्हणजे कपडे वाळवायची दोरी. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत आमच्या शिवारात प्रत्येकाला आजचा वार माहीत नसेल पण लाइनची पाळी माहीत असते. बटन कोणी बघत नाही. लाइन आहे का, एवढंच विचारतात.

मी बाबांना सांगून पाहिलं. पांदनीनं जा म्हटलं. ते हो म्हणायचे आणि संध्याकाळी त्यांच्या धोतराला तुरीची पानं चिकटलेली असायची. आई म्हणाली, "तुह्या बापाले तार दिसते. लाइन दिसत नाही."

रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळच्या एसटीत बसायचे तेव्हा फोन पर्समध्ये ठेवायचे नाही, हातात धरायचे. बाजूच्या बाईनं एकदा विचारलं, कोणाच्या फोनची वाट पाहून राह्यली? मी म्हटलं, वाट नाही पाहत. ती हसली. तिला वेगळंच वाटलं असेल.

त्या तारेनं पहिला मारला तो ससा. मग एक रानडुक्कर, ज्याचं काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मग एक दिवस बाबा येऊन न जेवता बसले. काळविटाची मादी होती, गाभण. आमच्या गवताकडून निघालेली, तोंड नाल्याकडे. रोही मात्र हुशार. ते तार जिथं संपते तिथून वळसा घालून जायला शिकले. तूर खाल्लीच जात होती. मी काकांना म्हटलं, ज्यांच्यासाठी लावली ते तर जिवंत आहेत. काका म्हणाले, "मंग तार वाढवा लागंन."

तुरीची सोंगणी चालू होती तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीचाच आठवडा, रविवार होता म्हणून मी बाबांसोबत निघाले. मुद्दाम त्यांना पांदनीनं नेलं. आम्ही गवतात पोचलो तर काका पलीकडून सोंगलेली तूर बंडीत भरत होते. बैल सोडून ठेवलेले होते. दव पडलेलं होतं, आमच्या गवताची कड सगळी ओली, चमकणारी.

काका धुऱ्याजवळ आले.

"रात्री लाइनच नव्हती. कुठीतरी फाट्याजवळ तार तुटली म्हणते लाइनमन. रात्रभर तुमचे पाव्हणे पोटभर जेवले."

"माह्यावर कायले चिडतं? मी वाढाले आल्तो का?" बाबा म्हणाले.

"तू नाही, तुही पोरगी. इकडे ये, तंबाखू दे."

बाबा हसले आणि धुऱ्याकडे निघाले. मी मागं होते. मी म्हटलं, "बाबा, तिथून द्या. फेकून द्या."

"तंबाखू फेकून देते का कोणी," काका म्हणाले. "लाइन नाही माय. रातपासून नाही."

लाइन नव्हती हे खरं होतं. सगळ्या शिवारात एक आवाज नव्हता. बाबांनी डाव्या हातात पुडी घेतली आणि उजवा हात तार दाबायला पुढं केला. त्यांच्यापासून थोडं पलीकडे काकांचा एक बैल आमच्या ओल्या गवताला तोंड घालायला मान खाली करत होता, तारेखालून.

आधी मोटारी ऐकू आल्या. लोकांनी मोटारींना ऑटो लावलेले असतात, लाइन आली की त्या माणसाशिवाय चालू होतात. नाल्याकडून एक, मग दुसरी, मग सगळ्या, आणि पाइपातून पाणी थुंकल्यासारखं यायला लागलं. रात्री गेलेली लाइन भरून द्यायला वीजवाल्यांनी ती सकाळी सोडली होती. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसलं की बैल मान वर न करता गुडघ्यांवर बसला, जसा रवंथ करायला बसतो तसा, आणि मग आडवा झाला.

बाबांचा हात तारेपासून वीतभर होता. तो त्यांनी मागं घेतला नाही. तिथंच धरून ठेवला, हवेत. मी त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं तेव्हा त्यांचं अंग लाकडासारखं होतं.

काका पळत विहिरीकडे गेले. परत आले तेव्हा चालत आले. बैलाजवळ बसले, त्याच्या मानेखालून तार काढली. दुसरा बैल आपल्या जागी उभा राहून तुरीची शेंग चघळत होता.

काका म्हणाले, "तुहा हात होता रे तारेवर."

"नव्हता," बाबा म्हणाले. "ठेवत होतो."

मग बैल पुरायचा कुठं, हा प्रश्न आला. काकांच्या वावरात तूर उभी होती, पांदन अरुंद, जेसीबी वळत नाही. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या गवतात जागा द्या." कुदळीनं खड्डा खणला, पाच वर्षांनी पहिल्यांदा त्या मातीला लोखंड लागलं. बैल खाली ठेवल्यावर काकूंनी मीठ टाकलं आणि त्याच्या शिंगांचे पोळ्याचे राहिलेले बेगडाचे तुकडे नखानं काढून पदरात बांधून नेले. त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही.

काकांनी तार त्याच दिवशी काढली. गोल गुंडाळून घरी नेली. गवत मोडा, असं ते परत म्हणाले नाहीत, आणि त्यांनी ते म्हणावं असं मला वाटत राहिलं. म्हटलं असतं तर मी भांडले असते. गावातले लोक म्हणायला लागले. पेट्रोल पंपाजवळच्या चहाच्या टपरीवर एक जण बाबांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बैल गेला, हरणं राह्यली. शिकलेल्या माणसाचा हिशोब वेगळा रायते." बाबा चहा संपवून आले आणि घरी मला सांगितलं. मग म्हणाले, "तुह्या गवतात यंदा पवन्या दाट हाये." त्यांनी पहिल्यांदा 'तुह्या' म्हटलं. आतापर्यंत ते 'आपलं' होतं.

मी ते मोडलं नाही. ज्या कारणासाठी ठेवलं ते कारण बैल मेल्यानं खोटं झालं नव्हतं. पण धुऱ्याच्या कडेचं गवत आम्ही कापून उघडं केलं, काकांच्या बाजूनं, म्हणजे रोह्यांना लपून बसायला तिथं आडोसा नको. काकांची तूर यंदा बरीच वाचली. रोही गवताच्या वरच्या अंगाला सरकले.

वरच्या अंगाला दुसऱ्या गावच्या माणसाचं वावर आहे. त्यानं ते यंदा ठेक्यानं दिलं, रिसोडकडच्या एका माणसाला. आम्ही त्याला ओळखत नाही. तो मोटारसायकलवर येतो, गाडी उभी करतो, मजुरांशी बोलतो आणि जातो. गेल्या महिन्यात त्यानं हरभऱ्याभोवती खांब रोवले. तार नवीन नव्हती, जागोजागी गाठी होत्या. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "घरी पडून होती. त्यानं मागतली, मी देल्ली. मले ती डोळ्यासमोर नको होती."

यावेळी मी तक्रार केली. कोणाला विचारलं नाही, लेखी दिली, पोच घेतली. वनखात्याची दोन माणसं आली. ती आली तेव्हा तारेला काही जोडलेलं नव्हतं. ती गेल्यावर काय जोडलं ते आम्हाला या बाजूनं दिसत नाही, कारण मधे गवत आहे. आमचंच, उंच.

आता सकाळी काकाही बाबांसोबत असतात. बैलानंतर ते काही दिवस आले नाहीत, मग एक दिवस पांदनीत उभे होते, विळा घेऊन. दोघांनी वरच्या धुऱ्याचं गवत कापायला घेतलं आहे. तार उघडी पडली की जनावराला दिसंन अन् ते फिरंन, असं काकांचं म्हणणं. बाबांना पटलं. मलाही पटलं असतं, कागदावर.

काल सुट्टी होती म्हणून मी गेले. दोघं उकिडवे बसून धुऱ्याला लागून कापत होते, पाठी माझ्याकडे. काका काहीतरी सांगत होते आणि बाबा हसत होते. पवन्याची मूठ धरायची, विळा ओढायचा, मूठ मागं टाकायची. प्रत्येक मुठीला विळ्याचं टोक तारेकडे जात होतं.

"बाबा, उठा तिथून. विळा लोखंडाचा आहे."

"मंग का सोन्याचा रायते?" काका म्हणाले.

"तो वायर काढून गेला का? तुम्ही पाहिलं?"

बाबांनी मान वळवली. मी लहान असताना परीक्षेला जाताना घाबरायचे, तेव्हा ते ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "लाइन नाही वं माय आता."

आणि पुढची मूठ धरली.